प्रयोगशाळेतील जुन्या संगणकांवर गोडो बसवताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये ॲनिमेशन, दृश्य परिणाम, गेमिंग आणि कॉमिक्स या क्षेत्रांसाठीचे धोरण मंजूर केल्यापासून या विषयावर वृत्तपत्रांत पुष्कळ छापून येत आहे. त्यातील बहुतेक मजकूर मुंबई-पुण्याचे स्टुडिओ, लाखांत शुल्क असलेले अभ्यासक्रम आणि भविष्यातील नोकऱ्या यांच्याभोवती फिरतो. मी जळगाव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवतो. माझ्यापर्यंत येणारा प्रश्न याहून कितीतरी साधा असतो. "सर, गेम बनवायचं सॉफ्टवेअर आपल्या लॅबमधल्या कॉम्प्युटरवर चालेल का?" एवढेच मुलांना विचारायचे असते. आजूबाजूच्या शाळा-महाविद्यालयांतील सहकारीही हेच विचारतात. चालेल, हे त्याचे उत्तर आहे. मात्र कोणत्या संगणकावर कोणती फाइल घ्यायची, ती कुठे ठेवायची आणि पहिल्या पडद्यावर कोणता पर्याय निवडायचा हे सांगणारा मराठी मजकूर सहज मिळत नाही. त्यामुळे अनेक ठिकाणी पहिल्याच दिवशी प्रयत्न सोडून दिला जातो. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी ज्याविषयी लिहितो आहे ते गोडो नावाचे मुक्त स्रोत गेम इंजिन, म्हणजे खेळ बनवण्याचे सॉफ्टवेअर होय. अर्जेंटिनातील हुआन लिनिएत्स्की आणि एरियल मान्झूर यांनी ते तयार केले आणि 2014 मध्ये एमआयटी परवान्याखाली सर्वांसाठी खुले केले. या परवान्यामुळे ते वापरण्यास, त्याच्या प्रती वाटण्यास, त्यात बदल करण्यास आणि त्यावर केलेला खेळ विकण्यास कोणालाही एक रुपयाही द्यावा लागत नाही. परवान्याचा मजकूर सोबत ठेवला की झाले. या गोष्टीचे मोल 2023 साली अनेकांना कळले. युनिटी या प्रसिद्ध व्यावसायिक इंजिनाच्या कंपनीने त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये खेळ जितक्या वेळा बसवला जाईल त्यानुसार शुल्क आकारण्याची घोषणा केली. पुढे वर्षभराने ती घोषणा मागे घेण्यात आली, पण तोवर जगभरातील अनेक लहान निर्मात्यांनी गोडोचा रस्ता धरला होता. खान्देशातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने मात्र महत्त्वाचा मुद्दा वेगळा आहे. प्रयोगशाळेत शिकलेले साधन त्याला घरच्या संगणकावर, मित्राच्या लॅपटॉपवर आणि पुढे व्यवसायातही चोरीची प्रत न घेता वापरता येते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आपल्याकडील प्रयोगशाळांत संगणक जुने आहेत, तेव्हा इंजिनही जुने, म्हणजे गोडोची तिसऱ्या मालिकेतील आवृत्ती बसवावी, असा सल्ला बरेच जण देतात. तिसरी मालिका हलकी आहे आणि अतिशय जुन्या ग्राफिक्स चिपवरही चालते, म्हणून सल्ला वरवर शहाणपणाचा वाटतो. माझे स्पष्ट मत त्याच्या उलट आहे. आपण चौथ्या मालिकेतील आवृत्तीच बसवावी आणि जुन्या संगणकांसाठी तिच्यातच दिलेला 'कम्पॅटिबिलिटी' हा पर्याय वापरावा. यामागचे कारण आपली लिपी आहे.

तिसऱ्या मालिकेत अक्षरे एकामागून एक मांडली जातात. देवनागरीत अक्षरे जशी जुळतात तशी ती जुळवण्याची सोय तिच्यात नाही. पडद्यावर 'पाचोरा' लिहिले तर ते बिनचूक दिसते, कारण त्यात ऱ्हस्व वेलांटीही नाही आणि जोडाक्षरही नाही. 'शिरपूर' लिहिले की गडबड होते. वेलांटी 'श'च्या आधी येण्याऐवजी नंतर येते आणि पुढच्या 'र'वर झुकते, त्यामुळे वाचणाऱ्याला 'शरिपूर' असे काहीतरी दिसते. 'मुक्ताईनगर'मधला 'क्त' तुटतो आणि 'क'खाली उघडा हलन्त दिसतो. एखाद्या विद्यार्थिनीने अहिराणी म्हणींवर शब्दखेळ करायला घेतला आणि प्रत्येक दुसरा शब्द असा मोडका दिसू लागला, तर ती नाइलाजाने सगळा मजकूर इंग्रजी लिपीत लिहू लागते. हे माझ्या वर्गात घडताना मी पाहिले आहे आणि ते मला मनापासून सलते. 1 मार्च 2023 रोजी आलेल्या 4.0 आवृत्तीत मजकुराची मांडणी करणारी यंत्रणाच नव्याने लिहिली गेली. हार्फबझ या अक्षरे जुळवणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरच्या आधारे ती वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे योग्य जागी बसवते. मराठीत किंवा अहिराणीत खेळ करू पाहणाऱ्याला तिसऱ्या मालिकेकडे परत जाण्याचे कारणच उरत नाही.

तरीही जुन्या संगणकाची अडचण खरी आहे आणि ती नेमकी काय आहे हे नीट समजून घ्यायला हवे. गोडो 4 मध्ये चित्र रंगवण्याच्या तीन पद्धती आहेत. 'फॉरवर्ड प्लस' आणि 'मोबाइल' या पद्धती व्हल्कनसारख्या नव्या ग्राफिक्स प्रणालींवर चालतात, तर 'कम्पॅटिबिलिटी' ही पद्धत ओपनजीएल या जुन्या प्रणालीवर चालते. इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्ससाठी विंडोजवर व्हल्कनचे ड्रायव्हर सहाव्या पिढीपासून, म्हणजे 2015 च्या स्कायलेकपासून पुढेच मिळतात. आपल्याकडील कितीतरी प्रयोगशाळांत अजून तिसऱ्या-चौथ्या पिढीचे आय-थ्री संगणक आहेत. अशा संगणकावर गोडो उघडले तर प्रकल्पांची यादी दाखवणारी पहिली खिडकी नीट उघडते, कारण ती ओपनजीएलवर चालते. विद्यार्थी नवा प्रकल्प करतो, आधीच निवडलेला 'फॉरवर्ड प्लस' तसाच राहू देतो, बटण दाबतो, आणि व्हिडिओ कार्डचा ड्रायव्हर आवश्यक व्हल्कनला साथ देत नाही अशा अर्थाची इंग्रजी सूचना येऊन सगळे बंद होते. अलीकडच्या आवृत्त्या अशा वेळी स्वतःहून ओपनजीएलकडे वळण्याचा प्रयत्न करतात, पण तेवढ्यावर विसंबून राहू नये. सूचना वाचून "आपला कॉम्प्युटर भंगार आहे" असा निष्कर्ष काढला जातो. वास्तविक नवा प्रकल्प तयार करण्याच्या त्याच खिडकीत 'कम्पॅटिबिलिटी' हा तिसरा पर्याय समोर असतो. तो निवडला की याच संगणकावर द्विमितीय खेळ आणि साधे त्रिमितीय खेळ व्यवस्थित तयार होतात. ज्याच्याकडे नवा संगणक आहे त्यानेही, खेळ स्वस्त मोबाइलवर किंवा ब्राउझरमध्ये चालवायचा असेल तर, हाच पर्याय घ्यावा, कारण वेबसाठीची निर्यात, म्हणजे ब्राउझरसाठी तयार खेळ बाहेर काढणे, याच पद्धतीने होते.

याहून जुन्या, दुसऱ्या पिढीच्या संगणकांबाबत एक गोष्ट फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. त्यांच्यातील एचडी 3000 या चिपसाठी विंडोजवरील अधिकृत ड्रायव्हर ओपनजीएल 3.1 पर्यंतच जातो, तर कम्पॅटिबिलिटी पद्धतीला 3.3 लागते. त्याच संगणकावर लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली टाकली तर तेथील मेसा हा मुक्त ड्रायव्हर त्याच चिपकडून 3.3 चे काम करून घेतो. म्हणजे जो संगणक विंडोजवर कमी पडतो, तोच लिनक्सवर कामाला येऊ शकतो. विंडोज 10 ची नियमित सुरक्षा अद्यतने 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबली आणि विंडोज 11 च्या अधिकृत अटींत हे जुने प्रोसेसर बसत नाहीत. त्यामुळे अनेक संस्थांत जुने संगणक निर्लेखित करण्याचे प्रस्ताव तयार होत असावेत. माझी संबंधितांना कळकळीची विनंती आहे की ते संगणक भंगारात देण्यापूर्वी त्यांतील एकावर उबुंटू किंवा सी-डॅकने विकसित केलेली बॉस लिनक्स टाकून पाहावी आणि त्यावर गोडो चालवून पाहावे. रॅम चार जीबी असली म्हणजे सुरुवात करता येते.

आता प्रत्यक्ष बसवण्याविषयी. विंडोजवर गोडो 'इन्स्टॉल' करावे लागतच नाही. अधिकृत संकेतस्थळावरून एक झिप फाइल उतरवायची, ती उलगडायची आणि आतील फाइलवर दोनदा क्लिक करायचे, इतकेच काम असते. मूळ झिप शंभर एमबीच्या आतबाहेर असते, त्यामुळे मोबाइलच्या नेटवरही ती उतरते. प्रशासकाचा पासवर्ड लागत नाही. आपल्याकडे तो पासवर्ड बहुधा देखभालीचे कंत्राट असलेल्या माणसाकडे असतो आणि तो माणूस पंधरवड्यातून एकदा येतो, म्हणून ही बाब आवर्जून सांगितली पाहिजे. एका संस्थेत तर या विनामूल्य इंजिनाच्या 'बसवणी'साठी प्रत्येक संगणकामागे शुल्क लावण्यात आले होते. संस्थेचे नाव घेण्याचे कारण नाही, पण ज्यांच्याकडे असे देयक येईल त्यांनी ते मंजूर करण्यापूर्वी हे काम एका क्लिकचे आहे हे लक्षात घ्यावे.

दोन ठिकाणी मात्र मुले हटकून अडखळतात. विंडोज झिप फाइल फोल्डरसारखी उघडून दाखवते, म्हणून मुले ती न उलगडता आतूनच इंजिन चालवतात. मग ते तात्पुरत्या जागेतून चालते आणि दुसऱ्या दिवशी शॉर्टकट सापडत नाही. उजवे बटण दाबून 'एक्सट्रॅक्ट ऑल' केल्याशिवाय पुढे जाऊ नये. दुसरे असे की झिपमध्ये दोन फाइली असतात आणि त्यांतील एकीच्या नावात 'कन्सोल' हा शब्द असतो. रोजच्या कामाला पहिली पुरते. इंजिन उघडून लगेच बंद होत असेल, तर कन्सोलवाली चालवावी. काळ्या खिडकीत त्रुटीचे कारण दिसते आणि शिक्षकांना निदान करता येते. ज्या संगणकात विंडोजच 32 बिटची आहे, त्याच्यासाठी वेगळी 32 बिटची प्रत घ्यावी लागते. 'सिस्टिम' या पडद्यावर ते एका नजरेत कळते.

लिनक्सवरही एकच फाइल असते, पण ती चालवण्याची परवानगी द्यावी लागते. फाइलच्या गुणधर्मांत जाऊन 'एक्झिक्युटेबल' या चौकटीत खूण केली की ती सुरू होते. इथे पेनड्राइव्हमुळे घोळ होतो. बहुतेक पेनड्राइव्ह फॅट 32 पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात आणि त्यांवर ही परवानगी टिकत नाही, म्हणून खूण केली तरी ती निघून जाते आणि इंजिन चालत नाही. फाइल आधी आपल्या होम फोल्डरमध्ये आणावी आणि मग खूण करावी. लिनक्सच्या सॉफ्टवेअर भांडारातून थेट बसवण्याचा मोह होतो, परंतु तेथील प्रत बहुधा मागे राहिलेली, पुष्कळदा तिसऱ्या मालिकेतील असते. फ्लॅटहब या लिनक्स सॉफ्टवेअरच्या संकेतस्थळावरची फ्लॅटपॅक प्रत ताजी असते. तरीही प्रयोगशाळेत मी अधिकृत झिपच पसंत करीन, कारण सगळीकडे एकच आवृत्ती राहील याची खात्री तिच्यातच मिळते. ॲपलचे संगणक आपल्या भागात थोडे आहेत. इंटेल आणि ॲपल या दोन्ही प्रोसेसरांसाठी एकच प्रत चालते आणि ती उलगडून 'ॲप्लिकेशन्स'मध्ये ओढली की काम झाले. आयफोनसाठी खेळ निर्यात करायचा असेल तर मात्र मॅक आणि त्यावरील एक्सकोड हे ॲपलचे साधन यांना पर्याय नाही.

ज्यांच्या घरी संगणकच नाही अशा मुलांची संख्या यावल-रावेरच्या केळीपट्ट्यातही आहे आणि सातपुड्यातील पाड्यांवर तर आहेच. त्यांच्यासाठी गोडोचा अँड्रॉइडवरील संपादक (एडिटर), म्हणजे खेळ तयार करण्याचा प्रोग्रॅम, प्ले स्टोअरवर विनामूल्य उपलब्ध आहे. लहान पडद्यावर त्यावर मोठे काम करणे कष्टाचे जाते हे मान्य आहे. तरीही जीडीस्क्रिप्ट ही इंजिनाची स्वतःची भाषा शिकायला आणि वर्गात सुरू केलेला लहान प्रकल्प घरी पुढे न्यायला तो पुरतो. जुन्या टॅबलेटला साधा कीबोर्ड आणि माउस जोडला तर काम बरेच सुसह्य होते. ब्राउझरमध्ये चालणारा संपादकही आहे, पण त्यातील काम ब्राउझरच्या साठ्यात राहते आणि साठा पुसला गेला तर जाते, म्हणून त्याची मी शिफारस करत नाही.

सामायिक प्रयोगशाळेसाठी गोडोत एक सोय आहे, तिच्याकडे मी शिक्षकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. एरवी इंजिनाच्या मांडण्या (सेटिंग्ज) त्या त्या संगणकाच्या वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये जातात. एकाच संगणकावर सकाळी एक तुकडी आणि दुपारी दुसरी तुकडी बसते तेव्हा एकाची मांडणी दुसऱ्याच्या पुढ्यात येते. ज्या प्रयोगशाळांत संगणक बंद करताच सर्व पूर्ववत करणारी यंत्रणा बसवलेली असते, तेथे तर रोज पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. यावर उपाय असा की इंजिनाच्या फाइलशेजारी एक रिकामी फाइल तयार करायची आणि तिचे नाव अंडरस्कोअर, एस, सी, अंडरस्कोअर असे ठेवायचे. अक्षरे लहान लिपीतील असावीत आणि शेवटी टीएक्सटी हे शेपूट राहू देऊ नये. नोटपॅड ते शेपूट गुपचूप जोडते आणि मग फाइल असूनही उपयोग होत नाही. ही फाइल दिसली की इंजिन आपल्या सर्व मांडण्या शेजारच्याच फोल्डरमध्ये ठेवते. विद्यार्थ्याच्या पेनड्राइव्हवर इंजिन, त्याच्या मांडण्या आणि प्रकल्प हे सगळे एकत्र राहते. तो चाळीसगावला मामाकडे गेला तरी तिथल्या विंडोज संगणकावर त्याचे काम जसेच्या तसे उघडते.

असे संगणक बदलत काम करायचे म्हटले की फाइलींच्या नावांची शिस्त आलीच. विंडोज लहान आणि मोठी इंग्रजी अक्षरे एकच मानते, लिनक्स मानत नाही, आणि निर्यात केलेला खेळ अँड्रॉइडवर गेला की तोही मानत नाही. चित्राचे नाव मोठ्या अक्षराने सुरू होत असेल आणि प्रोग्रॅममध्ये ते लहान अक्षराने लिहिले असेल, तर विंडोजवरील संपादकात सगळे सुरळीत चालते आणि मोबाइलवर मात्र ते चित्र सापडत नाही. विद्यार्थी यात दिवसच्या दिवस घालवतात. सर्व नावे लहान अक्षरांत आणि अंडरस्कोअरने जोडून लिहिण्याची सवय पहिल्या तासापासून लावावी. प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये टिंबाने सुरू होणारे 'गोडो' नावाचे एक फोल्डर असते. त्यात इंजिनाने स्वतःपुरता केलेला साठा असतो आणि नव्या संगणकावर तो आपोआप पुन्हा तयार होतो. पेनड्राइव्हवर नक्कल करताना ते वगळले तर बराच वेळ आणि जागा वाचते. प्रयोगशाळेतील सर्व संगणकांवर तंतोतंत एकच आवृत्ती असावी, हेही इथेच सांगतो. पुढच्या आवृत्तीत उघडून जतन केलेला प्रकल्प मागच्या आवृत्तीत परत नीट उघडेलच असे नाही.

मराठी मजकुराविषयी वर लिहिले त्याला एक पुस्ती जोडणे आवश्यक आहे. संपादकात देवनागरी नीट दिसली म्हणजे ती खेळातही सर्वत्र दिसेल असे मुले गृहीत धरतात. प्रकल्पाच्या टंकात (फॉन्टमध्ये) देवनागरी नसेल तर विंडोजवर इंजिन संगणकातीलच दुसरा टंक उसना घेते आणि आपल्याला ते जाणवतही नाही. तोच खेळ ब्राउझरसाठी निर्यात केला की उसना टंक मिळत नाही आणि अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसतात. म्हणून नोटो सान्स देवनागरी किंवा मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्ता यांसारखा मुक्त परवान्याचा टंक प्रकल्पातच ठेवावा आणि तोच मूळ टंक म्हणून नेमावा. टंकाची फाइल लहान असते, आणि खेळ कोणत्याही यंत्रावर गेला तरी आपली लिपी शाबूत राहते.

तयार खेळ बाहेर काढण्यासाठी, म्हणजे विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड किंवा वेबसाठी निर्यात करण्यासाठी, निर्यातीचे साचे (एक्सपोर्ट टेम्प्लेट) वेगळे उतरवावे लागतात आणि ते इंजिनाच्या कितीतरी पट मोठे, साधारण एक जीबीच्या घरात असतात. प्रत्येक संगणकावरून ते वेगवेगळे उतरवायला घेतले तर महाविद्यालयाची जोडणी दिवसभर अडकून पडते. भारनियमनात मध्येच वीज गेली की अर्धवट फाइल हाती राहते ती वेगळीच. साचे एकदाच उतरवावेत, प्रयोगशाळेच्या मुख्य संगणकावर ठेवावेत आणि इतर संगणकांवर साच्यांच्या खिडकीतील 'इन्स्टॉल फ्रॉम फाइल' या बटणाने बसवावेत. साच्यांची आवृत्ती आणि इंजिनाची आवृत्ती तंतोतंत जुळावी लागते. अँड्रॉइडच्या निर्यातीसाठी याशिवाय ओपनजेडीके 17 आणि अँड्रॉइड एसडीके हे प्रोग्रॅम बनवण्याचे साधनसंच लागतात. ही सामग्री जड आहे, तेव्हा ती एखाद-दुसऱ्या चांगल्या संगणकावरच बसवावी आणि सर्वांची मोबाइल निर्यात तेथूनच करावी. सी-शार्प ही दुसरी प्रोग्रॅमिंग भाषा वापरायची असेल तर इंजिनाची '.नेट' प्रत आणि सोबत .नेट एसडीके घ्यावे लागते. नवशिक्यांना त्याची गरज नाही, जीडीस्क्रिप्ट साध्या प्रतीतच येते.

फाइल कोठून घ्यावी याविषयी पालकांनीही सावध राहिले पाहिजे. शोधयंत्रात 'फ्री डाउनलोड' लिहिले की भलत्याच संकेतस्थळांची रांग समोर येते आणि मुले पहिल्या हिरव्या बटणावर बोट ठेवतात. नोव्हेंबर 2024 मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने गॉडलोडर नावाच्या उपद्रवी प्रोग्रॅमची माहिती प्रसिद्ध केली होती. त्यात गोडोचाच वापर करून 17,000 हून अधिक संगणक बाधित झाल्याचे म्हटले होते. दोष इंजिनात नव्हता, तर अविश्वसनीय ठिकाणांहून उतरवलेल्या फाइलींत होता. म्हणून इंजिन गोडोच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावे. तेथे प्रत्येक फाइलसोबत शा-512 ही तपासणी बेरीज (चेकसम), म्हणजे फाइल मूळ आहे तशीच आहे का हे पडताळण्याचा संकेत, दिलेली असते. विंडोजमधील सर्टयुटिल ही आज्ञा किंवा लिनक्सवरील शा-512-सम ही आज्ञा वापरून आपल्याकडील फाइलची बेरीज काढावी आणि ती जुळवून पाहावी. वीज गेल्यामुळे फाइल अर्धवट उतरली असेल तर तेही याच तपासणीत उघड होते. अकरावीच्या विद्यार्थ्यांकडून हे एकदा प्रत्यक्ष करून घेतले तर तपासणी बेरजेचा धडा पुस्तकातून वेगळा शिकवावा लागत नाही.

या सर्वांवरून माझी एक ठोस सूचना आहे. जिल्ह्यातील प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाने आणि संगणक असलेल्या प्रत्येक माध्यमिक शाळेने आपल्या मुख्य संगणकावर एक फोल्डर तयार करावे. त्यात गोडो 4 च्या एकाच स्थिर आवृत्तीच्या 64 आणि 32 बिट विंडोजसाठीच्या प्रती, लिनक्सची प्रत, त्याच आवृत्तीचे साचे, एक देवनागरी टंक आणि इंटरनेटशिवाय वाचता येणारी अधिकृत मार्गदर्शिका ठेवावी. सोबत एका पानाचा मराठी मजकूर असावा आणि त्यात प्रयोगशाळेतील कोणत्या संगणकावर कोणती प्रत चालते व 'कम्पॅटिबिलिटी' कोठे निवडायचे हे लिहावे. विद्यार्थ्यांना हे फोल्डर पेनड्राइव्हवर नेण्याची मुभा द्यावी. परवान्याला त्यात काहीही आक्षेप नाही. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या संगणक विभागाने असा संच एकदा तपासून संलग्न महाविद्यालयांना दिला, तर प्रत्येकाला तीच खटपट करावी लागणार नाही. गोडोच्या संपादकाचे आणि मार्गदर्शिकेचे भाषांतर वेबलेट या व्यवस्थेवर स्वयंसेवक करतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील मराठीच्या आणि संगणकाच्या प्राध्यापकांनी मिळून तेथे मराठी भाषांतराला हातभार लावावा, अशीही माझी विनंती आहे.

आपल्या दैनिकाच्या शैक्षणिक पानावर या विषयाला जागा मिळाल्यास वर सांगितलेला एका पानाचा मजकूर मी तयार करून देईन. मे महिन्याच्या सुटीत प्रयोगशाळा रिकाम्या असतात. संगणकांची तपासणी आणि फोल्डरची जुळवाजुळव त्या काळात झाली, तर जूनमध्ये वर्ग सुरू होताच पहिल्या आठवड्यात मुलांना प्रत्यक्ष काम हाती घेता येईल.

आपला,
एक संगणकशास्त्र शिक्षक
जि. जळगाव